एक सूत कमी

दोन मीटरच्या फळीतून अर्ध्या मीटरचे चार तुकडे निघतात की नाही? पहिलीतलं पोरही सांगेल, निघतात. मग चौथा आखूड का पडला?

ऋताने कपाळावर हात मारला. चंद्रावरच्या त्यांच्या वसाहतीत सागवानाची ही एकच फळी आलेली. उद्या धाकट्या भावाचं बारसं, आणि पाळण्याची चौकट हिच्यातूनच व्हायची. नशीब, पटाशीने आधी तेवढ्याच थर्माकोलवर कापून पाहिलं. पटाशी म्हणजे आजोबांनी घडवलेला यंत्रमानव. कामाला वाघ, पण सांगितलेला शब्द धरून बसायचा.

"ताई, गणित बरोबर आहे," तो म्हणाला. पडद्यावरचा कापणी-आराखडा (कुठला तुकडा फळीत कुठे बसेल ते दाखवणारी आज्ञावली) हेच सांगत होता. शिल्लक शून्य.

"मग नऊ मिलिमीटर गेले कुठे? तू खाल्लेस?"

"मी खात नाही, ताई."

"आजोबा, एक तर याला समजवा, नाहीतर मला."

"अगं, सकाळीच बजावलं होतं त्याला," आजोबा म्हणाले. "दर कापाला एक सूत सोड म्हणून."

"सोडलं की." पटाशीने पांढरा दोरा उचलून दाखवला. कापाच्या तिन्ही रेघांवर त्याने इमानेइतबारे एकेक ठेवला होता. "कोशात पाहिलं. सूत म्हणजे धागा."

आजोबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सुताराचं सूत रे, बाबा. इंचाचा आठवा भाग. तीन मिलिमीटरच्या आसपास."

ऋताची नजर जमिनीवर गेली होती. करवतीखाली थर्माकोलचा पांढरा भुगा साचला होता.

"हे बघा नऊ मिलिमीटर," ती हळूच म्हणाली. "पात्यालाही जाडी असते. कापताना तेवढ्या जागेचा भुसा होतो. तीन काप, तीन सुतं."

आराखड्यात 'पात्याची जाडी' असा एक रकाना होता. तिथे शून्य. इतका वेळ कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ऋताने तिथे एक सूत भरलं, तशा रेघा सरकल्या. प्रत्येक तुकडा सुमारे एकोणपन्नास पूर्णांक आठ सेंटिमीटर. चारही सारखे. मग तिने कोशात 'सूत'समोर दुसरा अर्थ लिहिला, पुढच्या यंत्रमानवांसाठी.

दुसऱ्या दिवशी चंद्राच्या कमी ओढीत पाळणा संथ झुलत होता. ऋताने पटाशीच्या खांद्यावर हात ठेवला. "आता कुठे आपलं सूत जुळलं."

पटाशीने मोजपट्टी काढली. "किती मिलिमीटर, ताई?"

ऋताने सुस्कारा टाकला आणि तिसरा अर्थ लिहायला कोश उघडला.