बत्ती कोणी दिली

सोनकड्याच्या माथ्यावर फटफटले तेव्हा दरीतले धुके हलले नव्हते. परंतु त्या धुक्यातून वर चढत येणारे गनिमाचे नगारे गडावरच्या तीनशेंच्या शिबंदीला स्पष्ट ऐकू येत होते. आदल्या दिवशी सुरुंगाने पूर्वेचा तट फोडला होता, आणि त्या खिंडाराच्या तोंडाशी एकच तोफ शाबूत उरली होती.

धुके विरले. हल्लेखोरांच्या पुढे, ढालीसारखी, पायथ्याच्या जांभुळवाडीची सात माणसे दोरखंडाने जखडून चालवली होती. गडावर रोज दूध घालणारा सिदू गवळी त्यांत सर्वांत पुढे होता.

गोलंदाज इमामभाईंनी पेटती बत्ती तोफेपासून मागे घेतली. "किल्लेदार, ही आपली माणसं. माझ्याच्यानं होणार नाही."

किल्लेदार विठोजी ढमाले यांनी वळून पाहिले. मागे टाक्याशी गडकऱ्यांची बायकापोरे दाटीने बसली होती; गनीम आत शिरला, तर त्यांतले कोणी वाचणार नव्हते. विठोजींनी बत्ती स्वतःच्या हाती घेतली.

"मागे व्हा, इमामभाई. हे तुमच्या माथी नको."

तोफ कडाडली. हल्ला मोडला. तिसऱ्या दिवशी कुमक पोहोचली आणि वेढा उठला.

हुजुरास खलिता लिहिताना सबनीस त्र्यंबकपंत हळूच म्हणाले, "गनिमानं ओलीस आधीच कापले, असं लिहितो. आपल्या नावाला बट्टा कशाला?"

"पंत, माणसं जिवंत होती. विठोजीनं पाहिलं आणि बत्ती दिली, असं लिहा."

"आपला निरुपाय होता."

"निरुपाय खराच. पण बत्ती मीच दिली."

हुजुरांकडून मानाची वस्त्रे आली. ती तशीच ठेवून विठोजी अनवाणी जांभुळवाडीत उतरले. सिदूची बायको सखू दारात आली.

"तुझा धनी माझ्या हातानं गेला, बाई. गनिमाच्या नव्हे."

सखूने विचारले, "तुम्ही ओळखलं होतं त्यांना?"

"होय."

"काही बोलले?"

"माझं नाव घेऊन ओरडला."

तिने दार लावून घेतले.

विठोजी शेजारच्या अंगणात गेले. त्या सातांत एकुलता मुलगा गमावलेला तिथला म्हातारा ओट्यावर बसला होता. बत्ती कोणी दिली, हे त्याला अजून कोणी सांगितले नव्हते. गडाचे किल्लेदार आपल्या दारी आलेले पाहून तो काठीच्या आधाराने कसाबसा उठला आणि त्याने वाकून मुजरा केला.