टशन कुणाची?

ज्ञानोबा पेंटरनं हुमनाबादच्या भर नाक्यावर स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं. पण तसं व्हायला वेळ आहे. अजून सकाळचे नऊच वाजलेत, आणि स्नेहल धुमसतेय.

तिचा आणि तिच्या मित्राचा, शरणबसवचा, सुट्टीचा बेत साधा होता. ढाब्यासमोर बसायचं, लॉऱ्यांमागची वाक्यं वहीत उतरवायची. तिसऱ्या लॉरीमागे लालभडक शब्द होता : टशन! खाली बारीक अक्षरात : पेंटर ज्ञानोबा.

"हे आईनं रंगवलंय! परवा डबा घेऊन मीच गेलते!" स्नेहल कडाडली.

"टशन म्हंजे?" शरणबसवनं विचारलं. त्याच्या घरी कन्नड चालायचं.

"रुबाब. पण अंगातला. गॉगल लावून येत न्हाई."

"मग ज्ञानोबाकाका गॉगल कामून लावतेत?"

"म्हणूनच!"

स्नेहल तडक ज्ञानोबाच्या दुकानात गेली. तिथं कामाला असलेली आई, गीताबाई, ब्रश धूत होती. "ऱ्हाऊ दे गं. दुकान त्यांचं, नाव त्यांचं."

"हात कुणाचा?" स्नेहल पाय आपटत परत आली आणि बाकावर चढून अक्षरांना नाक लावून उभी राहिली. 'श'ची काळी किनार 'न'वर चढली होती. 'ट'ची 'श'वर!

"शरण्या! शेवटचं अक्षर आधी काढलंय! आई डावखुरी हाय. ओला रंग हाताला लागू नये म्हणून ती मागूनच सुरू करते!"

त्या लॉरीचे मालक गुंडप्पाअण्णा ढाब्यावर चहा पीत होते. शेजारी ज्ञानोबा, गॉगलसकट.

"काका, अण्णांच्या दुसऱ्या लॉरीवर पण काढा की टशन! तुमच्यासारखं कुणाला जमतंय?" स्नेहल दात आवळत गोड बोलली.

ज्ञानोबा फुगला. ब्रश उजव्या हातात घेतला आणि 'ट'पासून सुरुवात केली. तो 'ट' उपाशी बदकासारखा दिसत होता. 'श' त्या बदकाला घाबरला होता.

स्नेहलनं अण्णांना दोन्ही लॉऱ्यांवरच्या अक्षरांच्या किनारी दाखवल्या आणि आई डावखुरी असल्याचं सांगितलं. अण्णांनी कपबशी खाली ठेवली.

"ज्ञानोबा, परवा कोणच्या हातानं काढलास रे?"

ज्ञानोबानं गॉगल काढला. मग थिनरची चिंधी घेतली.

पुसलेल्या जागी आईनं नाव लिहिलं. 'ई' आधी, 'गी' शेवटी!

"शाब्बास पोरींनो!" अण्णा म्हणाले. शरणबसवनं पोरींमध्ये गणल्याबद्दल तक्रार केली नाही.

स्नेहलचा राग मात्र तसाच. आईनं रंगवलेल्या असल्या आणखी तेवीस लॉऱ्या ज्ञानोबाचं नाव घेऊन कुठं कुठं पळत होत्या! दुपारी तिनं महामार्ग कार्यालयाला अर्ज धाडला :

'सदर तेवीस लॉऱ्या जेथे असतील तेथे थांबवून श्री. ज्ञानोबा यांस चिंधीसह त्यांच्याच खर्चाने पाठवावे. तोपर्यंत कोणत्याही वाहनचालकाने त्या लॉऱ्यांकडे मागून पाहू नये, ही नम्र विनंती.'