डिस्कवरची जागा कोण खातंय?

"टीं!" कॉम्प्युटर केकाटला आणि पडद्यावर पुन्हा तीच इंग्रजी ओळ उमटली. डिस्कवर जागा नाही!

"वाट लागली!" शकु ओरडली. "माझा प्रोग्रॅम साठवतच नाहीये हा!"

१९८८ सालची मे महिन्याची सुट्टी होती. भांडुपच्या कोकणवासी मंडळाने मोठ्या हौसेने एक कॉम्प्युटर घेतला होता आणि सकाळी मुलांसाठी फुकट क्लास ठेवला होता. आठवीतल्या शकुच्या शाळेत कॉम्प्युटर नव्हता, घरी तर प्रश्नच नाही. पाढे विचारणारा आणि चुकलं की चक्क टर उडवणारा प्रोग्रॅम तिने याच यंत्रावर रचला होता. आणि आता तो ठेवायला जागाच नाही म्हणे!

"एक कोटी बाईट मावतात ना या डिस्कमध्ये?" भीमराजने विचारलं. हा पोरगा बोलायचा कमी आणि विचारायचा फार. "एक अक्षर म्हणजे एक बाईट. मग एवढी एक कोटी अक्षरं लिहिली कुणी?"

"नंदूने! त्याची बडबड उतरवून घेतली असेल!" शकु म्हणाली.

"ए, उगाच माझं नाव घेऊ नको हां!" शेजारी बसलेला नंदू फुरंगटला.

तेवढ्यात काशीरामकाका आले. मंडळाचे हे सेक्रेटरी. आधी गिरणीत होते, आता रिटायर. खोलीची किल्ली कायम त्यांच्या जानव्याला, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर!

"गेम!" पडदा बघताच ते गरजले. "गेम भरल्यानी हेंनी! मंडळाचा काम करूचा कसा? उद्यापासून क्लास बंद!"

क्लास बंद म्हणजे कॉम्प्युटर बंद. पुन्हा कधी हात लागणार होता शकुचा?

"काका, आम्ही एकही गेम टाकला नाही," ती म्हणाली.

"चोर कधी सांगता काय, मी चोर म्हणान?"

शिकवणाऱ्या अनुपमाताई मध्ये पडल्या. "काका, उद्या दुपारपर्यंत तरी थांबा. तोवर शोध लागला नाही तर खुशाल कुलूप लावा." काका कुरकुरत "बरां, बरां" म्हणाले आणि निघून गेले.

मग तपास सुरू! ताईंनी क्लासचा कप्पा उघडला. डिस्कवर असे कप्पे असतात, आणि कप्प्यातल्या प्रत्येक फाईलपुढे तिचे बाईट लिहिलेले असतात. मुलांनी सगळे बाईट मिळवले. अहो, यंत्राचे स्वतःचे प्रोग्रॅम वेगळे, पण क्लासने डिस्कचा तिसरा हिस्साही वापरला नव्हता!

"मग बाकीचं कुठे गेलं?" भीमराज म्हणाला. "ताई, तो दुसरा कप्पा कुणाचा? त्याच्यापुढे आकडाच नाही."

"तो मंडळाचा. कप्प्यापुढे आकडा येत नाही, आत शिरून बघावं लागतं. पण तिथे हात लावायचा नाही, अशी काकांची सक्त ताकीद आहे."

"मग हात न लावता बघू!" शकुचे डोळे चमकले. "आपण क्लासच्या फायली, माझा प्रोग्रॅमसुद्धा, फ्लॉप्यांवर म्हणजे त्या चौकोनी सुट्या तबकड्यांवर काढून डिस्कवर मोकळी जागा करायची. आज जाताना किती जागा शिल्लक आहे ते बघून ठेवायचं, आणि उद्या आल्या आल्या पुन्हा बघायचं!"

"झकास!" नंदूने टाळीसाठी हात पुढे केला.

संध्याकाळी डिस्कवर तीस लाख बाईट मोकळे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी कॉम्प्युटर चालू केला आणि तिघांच्या माना पडद्यावर वाकल्या. शिल्लक जेमतेम तीन लाख!

"अरे बाप रे! सत्तावीस लाख एका रात्रीत फस्त?" नंदू उडालाच.

"आणि रात्री आपण घरी होतो!" शकु म्हणाली. "संध्याकाळनंतर इथे कोण असतं?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. किल्ली काकांकडे! पण काकांच्या तोंडावर बोलणार कोण? तेवढ्यात दार वाजलं. काका आले होते, आणि मागे कोकम सरबताची किटली घेऊन त्यांच्या पत्नी रुक्मिणीकाकू.

"गावले काय गेम?" काकांनी विचारलं.

शकु पुढे झाली. "क्लासच्या कप्प्यात नाहीत, काका. पण आम्ही महाबिलंदर! मंडळाच्या कप्प्यात लपवले असतील तर? तो कप्पाही तपासून घ्या, तुमच्यासमोर!"

"बघा, बघा! गावले तर एकेकाचो कान पिळतंय!" काका फणकारले आणि शकुने टाकलेल्या फासात आपणहून शिरले.

ताईंनी मंडळाचा कप्पा उघडला. सभासदांच्या फायली चिमुकल्या होत्या. खाली मात्र जप नावाची एक अगडबंब फाईल होती आणि तिच्याखाली यंत्राने आपोआप राखून ठेवलेली तिचीच आदली प्रत. मोठ्या फाईलची तारीख कालची, वेळ रात्री आठची.

"आदली प्रत बरोब्बर निम्मी आहे!" भीमराज पुटपुटला. "म्हणजे ही फाईल रोज दुप्पट होते!"

ताईंनी फाईल उघडली मात्र, पडदाभर अक्षरं धावू लागली. श्रीराम श्रीराम श्रीराम श्रीराम... थांबायचं नावच नाही!

काकांचा चेहरा कोकमासारखा लालबुंद झाला. "तां... तां माझां," ते हळूच म्हणाले. "कोटीचो लिखित जप देवाक बोललंय. वहीत लिवाक गेलंय तर हात थरथरता. म्हणान हडे कॉम्प्युटरार एक पान लिवलंय, नि रोज सगळ्याची नक्कल करून खाली जोडतंय. नक्कल करूक एकच बटण लागता ना!"

"अहो!" रुक्मिणीकाकूंनी किटली दाणकन ठेवली. "जप तुम्ही केलात एक पान आणि बाकीचा या यंत्राने! पुण्य यंत्राला आणि बोलणी पोरांना? लाज वाटते का काही?"

नंदूला हसू आवरेना. पण शकुला काकांची दया आली. बिचारे! थरथरणारे हात लपवत उभे होते.

"फाईल पुसावी लागेल," ताई म्हणाल्या. पण त्यांचंच बोट बटणावर जाईना. देवाचं नाव पुसायचं कसं? नंदूनेही हात मागे घेतला.

"गणपतीला आपण पाण्यात सोडतो, तेव्हा देव रागावतो का?" शकु म्हणाली. "काका, तुम्ही स्वतः लिहिलेलं पान फ्लॉपीवर ठेवू. नकलांचं विसर्जन! पण बटण तुम्हीच दाबा."

ताईंनी ते पान फ्लॉपीवर उतरवून दिलं. काकांनी हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या पोरांची जागा मी अडवलंय, नि आळ त्यांच्यार घातलंय. आज ती जागा मोकळी करतंय. काय चुकला-माकला आसात तां पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलं एका सुरात ओरडली. काकांनी बटण दाबलं.

अर्धी डिस्क मोकळी! शकुने घाईघाईने फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम पुन्हा डिस्कवर साठवायला दिला आणि श्वास रोखला. टीं नाही, तक्रार नाही. साठवला!

"शाबास गो चेडवा!" काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "तिघांनीय माझे डोळे उघडल्यात. क्लास बंद नाय होवचो, जून उजाडलो तरी चलतलो!"

"चलतलो, पण काकांना शिक्षा हवी!" काकू म्हणाल्या.

"आहे ना," शकु म्हणाली. "काका, रोज क्लासला यायचं. जप एकेक अक्षर स्वतः टाईप करायचा. घाई नाही, हात थरथरला तरी चालेल. चुकलेलं खोडायला मी शिकवते."

काकांनी चपला दाराबाहेर काढल्या, शकुशेजारची खुर्ची ओढली आणि कीबोर्डवर 'श' शोधू लागले.