पुढ्यात ठेवलेली कॉफी

हाज्ज फख्रींच्या मिठाईच्या दुकानात येऊन कुनाफा नको म्हणणारा माणूस दीमानं आजवर पाहिला नव्हता. तो एकदाचा आला, आणि तोही आडवा होऊन.

आडवा म्हणजे खरंच आडवा. जबल अल-हुसैनच्या चढावरच्या त्या दुकानाचं दार चांगलं ऐसपैस आहे, कुनाफ्याची भली मोठी परात दोन माणसं धरून त्यातून सहज बाहेर नेतात. पण अवजारांची पेटी घेतलेला तो सडपातळ माणूस दाराशी थांबला, खांदा वळवला, पोट आत ओढलं आणि कडेकडेनं आत शिरला. बाहेर अम्मानचा जानेवारीतला गार पाऊस पडत होता. त्याच्या भुवयांवर थेंब थांबले होते.

"वजनकाटा बिघडलाय म्हणून निरोप होता. मी इयास, काटे दुरुस्त करतो."

दीमा सकाळी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि दुपारनंतर याच दुकानात वडिलांच्या गल्ल्याशी उभी राहायची. दुकानाची रीत तिला जन्मापासून पाठ होती. दारात आलेला माणूस गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो की वाट चुकलेला, आधी बशी. तिनं गरम कुनाफ्याचा तुकडा कापला. खाली लांबणारं चीज, वर केशरी शेवयांचा थर, त्यावर साखरेचा पाक...

"नको," तो म्हणाला.

"नको म्हणजे?"

"म्हणजे... छान दिसतोय. पण नको."

"आमच्याकडे नको म्हणत नाहीत," दीमा जरा चिडूनच म्हणाली. "दुसऱ्या दुकानात खाऊन आलात वाटतं?"

"माझा जन्माचा वाटा मी आधीच खाऊन बसलोय, बाईसाहेब." तो हसला. हसताना त्याचा डावा गाल आधी हलायचा, उजवा मागून यायचा. दीमाला ते दिसलं, आणि आपल्याला ते दिसलं याचाच तिला राग आला.

काटा उघडून त्यानं तासभर खुडबूड केली. मग हाज्ज फख्रींना सांगितलं, "काका, काटा गिऱ्हाइकाला किलोमागे वीस ग्रॅम जास्त देतोय."

"देऊ दे की!" हाज्ज गडगडून हसले. "तसाच ठेव."

"मग मी शिक्का मारणार नाही. खोटं ते खोटंच, कोणाच्याही बाजूनं असो."

हाज्जनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग मिशीत हसत म्हणाले, "कर बाबा सरळ." त्या दिवसापासून तो पोरगा त्यांच्या मनात भरला. बशी तशीच राहिली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यातला तुकडा दीमानं स्वतःच खाऊन टाकला होता.

त्यानंतर तो काटा वरचेवर बिघडू लागला. तिसऱ्या खेपेला इयास आला तेव्हा हाज्ज चीजच्या व्यापाऱ्याकडे गेले होते.

"स्प्रिंग कोणीतरी मुद्दाम वाकवलीय," तो काट्यात डोकं घालून म्हणाला.

"उंदीर असतील," दीमा म्हणाली.

"उंदराच्या नखाला लाल रंग लागलाय..."

दीमानं हात मागे घेतले. कान तापले होते, पण हार मानायची तिची तयारी नव्हती. "तुम्ही दारातून आडवे का येता, ते आधी सांगा."

त्यानं हातातलं अवजार खाली ठेवलं. मग पाकिटातून एक फोटो काढून त्यानं तिच्यासमोर धरला. फोटोतल्या माणसानं अख्खा कोच व्यापला होता. हनुवटी कुठे संपते आणि छाती कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. "एकशे बासष्ट किलो. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन केलं. पोट कापून एवढंसं ठेवलंय." त्यानं मूठही नाही, अंगठा आणि दोन बोटं जुळवून दाखवली. "अंग गेलं, पण सवय जात नाही. अजून वाटतं, दारात अडकेन."

दीमा फोटोकडे बघत राहिली. "हा तुमच्यापेक्षा खूश दिसतोय."

"तो जेवत होता," इयास म्हणाला, आणि दोघंही हसत सुटली.

मग त्यानं सगळं सांगितलं. ऑपरेशनचं फक्त आईला ठाऊक होतं. बाकीच्यांना वाटत होतं, पोरानं पाव सोडला आणि डोंगर चढला. त्याला जेवण चार घास चालायचं, पण गोड मुळीच नाही. पाक त्या एवढ्याशा पोटात थांबतच नाही, सरळ आतड्यात उतरतो. मग छाती धडधडते, घाम फुटतो आणि माणूस कोसळतो. एकदा आतेभावाच्या लग्नात तो असा कोसळला होता आणि उन्हाचं निमित्त सांगून सुटला होता.

"मी तुमच्या दारात पडलोच तर ऐकून ठेवा. पाय वर करायचे. तोंडात काही घालायचं नाही, साखर तर अजिबात नाही. उलट आणखी बिघडतं."

"आणि हात धरायचा की नाही?" हे आपण बोललो, यावर दीमाचा विश्वास बसेना.

"ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "पण... चालेल."

वसंत आला तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. शाळा सुटल्यावर पुस्तकांच्या दुकानासमोर दहा मिनिटं, कधी टॅक्सीच्या रांगेत पाच. इयास बोलताना मध्येच थांबायचा, आणि ते थांबणंही दीमाला आवडायला लागलं होतं. त्यानं रीतसर मागणी घालायचं ठरवलं. पण त्याआधी त्याला हाज्जना ऑपरेशनचं सांगायचं होतं.

"नको," दीमा म्हणाली. "बाबांना तू ओळखत नाहीस. माणूस कसा खातो, यावरून ते माणूस जोखतात. गोड न खाणाऱ्याच्या मनात काळंबेरं असतं, असं ते खरंच मानतात. आत्याच्या एका स्थळाला त्यांनी नकार दिला होता, कारण त्यानं अर्धी बशी ठेवली!"

"दीमा, मी काट्यालासुद्धा खोटं बोलू देत नाही..."

"खोटं कुठे बोलायचंय? गप्प राहायचंय. कॉफी प्यायली जाऊ दे, मग मीच सांगते."

कॉफी प्यायली जाणं म्हणजे सगळं ठरणं. मुलाकडची वडीलधारी पुरुषमंडळी येतात, त्यांच्या म्होरक्यापुढे बिनसाखरेची कडू कॉफी ठेवतात, आणि तो ती खाली ठेवून म्हणतो, मागायला आलोय ते मिळेपर्यंत पिणार नाही. मुलीचा बाप "प्या" म्हणाला की सोयरीक झाली. गोड येतं ते त्यानंतर. दीमानं हिशेब नीट बसवला होता. इयासची बशी ती स्वतः भरणार होती, पिस्त्याच्या चुऱ्याखाली नखाएवढा तुकडा.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मंडळी आली. इयासचे मामा अबू राघिब, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, आणि बरोबर तिघं वडीलधारे. इयास नव्या कोटात, अंग चोरून बसलेला. बायकांची बोलणी आधीच्या आठवड्यात झाली होती, त्यामुळे त्याची आई घरीच होती. दीमा आणि तिची आई आतल्या खोलीच्या दाराआड.

मामांपुढे कॉफी आली. त्यांनी ती खाली ठेवली. "हाज्ज, आम्ही तुमच्या दारी..." त्यांनी सुरुवात केली, आणि हेडमास्तर असल्यामुळे ते लांबत गेलं. हाज्ज चुळबुळ करू लागले. पहाटे चारला उठून त्यांनी स्वतःच्या हातानं परात लावली होती, आणि ती निवत होती.

"मास्तर, तुमचं बोलणं चालू द्या, पण पोरगा उपाशी दिसतोय. आपल्यात काय परकेपणा?" म्हणत ते उठले, परातीच्या मधोमधचा तुकडा त्यांनी कापला, वरून पळीभर पाक ओतला, आणि घास करून इयासच्या तोंडाशी नेला.

दीमा दाराच्या फटीशी सरकली. नको म्हण. म्हण ना, नको...

इयासनं एकदा दाराकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

एक घास. दुसरा. "शाब्बास!" हाज्ज म्हणाले. तिसरा.

मामांचं भाषण पुन्हा सुरू झालं. पंधरा मिनिटंही झाली नसतील, इयासचा हात कॉलरशी गेला. कपाळ घामानं थबथबलं. तो उठायला गेला आणि तसाच गालिच्यावर कोसळला.

एकच गलका झाला. कोणी हुंगवायला कोलनचं पाणी मागितलं, कोणी खिडकी उघडली. "पोराची साखर उतरली!" हाज्ज ओरडले आणि पाकाचं भांडंच घेऊन धावले. मांडीवर त्याचं डोकं घेतलं, चमचा भरला. त्या माणसाला जगातलं एकच औषध ठाऊक होतं.

दीमाच्या पुढे एक दार होतं. पलीकडे सगळे पुरुष, तिचे वडील, तिचं लग्न. आईनं तिचा दंड धरला. दीमानं तो सोडवून घेतला.

"बाबा, पाक देऊ नका!" तिनं चमचा हिसकावला. पाक हाज्जच्या बाहीवर सांडला. "त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालंय. साखरेनंच पडलाय तो. पाय वर करा, पाय!"

मामांनी मुकाट्यानं भाच्याचे पाय उशीवर ठेवले. दीमा गुडघ्यांवर बसली आणि सगळ्यांच्या देखत तिनं इयासचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार होता.

हाज्जची नजर त्या दोन हातांवर गेली. मग त्यांनी विचारलं, फार हळू, "तुला कसं ठाऊक?"

दीमानं इयासचा हात सोडला नाही.

थोड्या वेळानं इयासनं डोळे उघडले. हाज्जनी त्याच्याकडे पाहिलं. "काट्याला खोटं बोलू देत नाहीस तू," ते म्हणाले. "आणि मला वाटत होतं, हा पोरगा मी निवडला." ते उठून आत गेले.

मंडळी निघून गेली. मामांपुढची कॉफी तशीच राहिली, वर साय धरल्यासारखा एक काळपट थर. दीमानंच ती मोरीत ओतली.

पाच दिवस हाज्ज घरात बोलले नाहीत. दुकानात परातींचा आवाज तेवढा मोठा व्हायचा. सहाव्या दिवशी दीमा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, तो सांगणार होता. मी नको म्हटलं. मला वाटलं, तुम्ही बशी बघाल, माणूस बघणार नाही. राग माझ्यावर धरा."

हाज्ज चीज पाण्यात घालून त्यातला खारटपणा काढत होते. हात थांबले नाहीत. "आपण पडणार, हे माहीत होतं त्याला?"

"होतं."

"मग तोंड का उघडलं गाढवानं?"

"तुमच्या हातचा घास होता, बाबा." दीमा म्हणाली. "आणि... मी दाराआड होते."

हाज्जनी पाणी ओतलं, नवं घेतलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांना खाऊ घालतोय. माझा कुनाफा भीत भीत खाणारा हा पहिलाच." त्यांनी ओल्या मनगटानं नाक पुसलं. "काटा बिघडलाय. निरोप पाठव त्याला."

काटा धडधाकट होता. तरी इयास आला, उन्हातून, पेटी घेऊन, आणि दारात खांदा वळवून आडवाच आत शिरला. दीमाला हसू आलं, आणि त्यामागोमाग डोळे भरून आले.

"काका, मी आधीच सांगायला..."

"गप्प बस. बोललास तर तुझ्या मामासारखं लांबेल." हाज्जनी परातीवर झाकण सरकवलं. मागच्या शेगडीवरून पितळी किटली आणली, लहान बिनकानाच्या कपात तळाला बोटभर कडू कॉफी ओतली आणि गल्ल्यावर, इयासच्या पुढ्यात ठेवली. "ही चालते पोटाला?"

"चालते. साखर नसते हिच्यात."

"ठाऊक आहे मला काय असतं ते."

इयासनं कपाकडे पाहिलं, मग दीमाकडे. हात पुढे केला नाही. गल्ल्यावर ठेवलेल्या कॉफीला हात लावायच्या आधी काय ऐकावं लागतं, ते त्या दुकानात तिघांनाही माहीत होतं.

"मामांना बोलावू का?" त्यानं चाचरत विचारलं.

"ही त्यांना द्यायची होती. पण पडलास तू, ते नाही." हाज्ज पाठ फिरवून कोरडीच परात पुसू लागले. खूप पुसली. मग तसेच पाठमोरे म्हणाले, "पी."

इयासनं कप उचलला. एवढीशी कॉफी कोणीही एका दमात संपवेल, पण त्याला घोट घोट घ्यावा लागायचा, मध्ये थांबावं लागायचं. गल्ल्याखाली दीमानं त्याचा मोकळा हात धरला होता. या वेळी तो गरम होता. हाज्ज परात पुसत राहिले, आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, जोवर रिकामा कप गल्ल्यावर टेकल्याचा आवाज आला नाही.