तिसरी बिजागरी

उशांना पाय फुटलेले कुणी पाहिलेत? तिने पाहिले. भर दुपारी, विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, जिन्याजवळच्या वळणावर एकावर एक रचलेल्या उशांचा मनोरा तुरुतुरु चालत आला आणि थेट तिच्यावर आदळला. तिच्या हातात तेलाची बुधली होती. बुधलीचं झाकण नीट बसवलेलं नव्हतं, हे काय सांगायला हवं?

"अहो! डोळे आहेत की नाहीत?"

"आहेत. पण उशांच्या मागे आहेत," मनोऱ्यातून आवाज आला.

मग वरची उशी घसरली आणि मागून एक चेहरा उगवला. चष्मा तिरका, केस असे की आत्ताच कुणीतरी झोपेतून उठवलंय. तेलकट उशी त्याने नाकाशी नेली.

"शिवणयंत्राचं तेल?"

"बिजागरीचं! एवढंही कळत नाही?"

"नाही हो. माझा विषय झोप आहे."

"दिसतंयच," ती म्हणाली आणि ओढणीवरचं तेल पुसत तरातरा निघून गेली. पण जाता जाता एकदा — एकदाच — मागे वळून बघितलं. तो अजून ती उशी हुंगत उभा होता.

विद्यापीठात तिला सगळे कुरकुरबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं ऐकू येण्याइतके तिचे कान तयार होते. दारं का करकरतात, यावर तिने डॉक्टरेट केली होती. तिच्या खोलीत पाच दारं होती, नुसती चौकटीत उभी, आजूबाजूला भिंती नाहीत. कुठलंही दार उघडून पलीकडे जा, त्याच खोलीत! तिचे कान असे की बंद डोळ्यांनी करकर ऐकून दाराचं वय सांगेल, लाकूड सांगेल, आणि त्या घरातल्या सासू-सुनेचं पटतं की नाही तेही सांगेल. हे शेवटचं तिने प्रबंधात लिहिलं नव्हतं, इतकंच.

आणि तो? तो डुलकीसर. दुपारची झोप हा त्याचा अभ्यास. त्याच्या विभागाचं छत उतरवायला काढलं म्हणून त्याला पाठवलं नेमकं हिच्या शेजारच्या खोलीत. मध्ये भिंत म्हणायला एक फळकुट. इकडे कुणी शिंकलं की तिकडचा माणूस रुमाल शोधायचा.

आता सांगा, जगात इतक्या विद्या आहेत. करकरीच्या शेजारी झोप आणून ठेवायची अक्कल कुणाची? पण ठेवली.

जेवणं झाली की त्याच्या खोलीत माणसं झोपायला येत. ग्रंथपाल यायचे, गणिताचे सर यायचे, भोजनगृहातला आचारी यायचा. डोक्याला तारा लावून खाटांवर आडवे व्हायचे. जरा कुठे डोळा लागतोय, तोच फळकुटापलीकडून... कर्र्र्रऽऽ!

पहिल्याच आठवड्यात त्याने तिचं एक दार वाजवलं. पाचांपैकी कुठलं वाजवावं, या विचारात बराच वेळ घालवून.

"बाई, माझी झोपलेली माणसं उठली."

"मग? पक्की झोपली असती तर उठली नसती. तुमच्या झोपेतच दम नाही."

"जरा तेल घातलंत तर..."

"तेल घालून करकर घालवली तर मी अभ्यास कशाचा करू? तुमच्या घोरण्याचा?"

"मी घोरत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "मी मोजून पाहिलंय."

हसू येऊ नये म्हणून तिने दार लावलं. दार करकरलं. पलीकडे कुणीतरी "आई गं!" म्हणून उठलं.

त्यातच विभागप्रमुख येऊन उभे राहिले. ते कधी आत येत नसत. त्या पाच दारांची त्यांना धास्तीच होती. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "समिती येणार आहे. तुमच्या संशोधनाचा लोकांना उपयोग काय, ते दोघांनी सांगायचं. ज्याचं पटेल त्याची खोली राहील. दुसरी रिकामी करून घेऊ."

"आणि माझी दारं?"

"लाकूडच ते. कुठेही लागेल."

आणि ती? ती पहिल्या वर्षाच्या मुलांना सरळ रेषा काढायला शिकवणार! कुरकुरबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखीच राग आला.

उपयोग! या शब्दाने तिचा घरीसुद्धा पिच्छा पुरवला होता. ती मावशीकडे राहायची. मावशी रोज म्हणे, "एवढी शिकलीस, आणि आपलं फडताळ अजून करकरतंय!"

"मग घालते ना तेल, मावशी!"

"खबरदार! ते करकरलं नाही तर तुझे काका साखरेच्या डब्याकडे गेले हे मला कळायचं कसं?"

काका वर्तमानपत्राआडून सुस्कारा सोडत. ती कपाळाला हात लावी.

पण हार मानेल ती कुरकुरबाई कसली! तिने भाषण तयार केलं. तीन बिजागऱ्या, तीन भाग. आणि रोज दुपारी पाच दारांना समोर बसवून... बसवून कसलं, ती उभीच होती... खड्या आवाजात सराव सुरू केला. "घर्षण म्हणजे काय? दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात..."

तिची अपेक्षा होती की डुलकीसर भांडायला येईल. तो आला, पण चहा घेऊन.

"आज सराव नाही?" दारातच अवघडून उभा. चहा बशीत सांडलेला.

"का? होतोय त्रास?"

"छे छे! काल दुसऱ्या बिजागरीचा भाग... छान झाला. ते चिकटणं-सुटणं. सेकंदात शेकडो वेळा, म्हणालात ना?"

"भिंतीला कान लावून बसता की काय?"

"भिंत कुठाय? फळकुट आहे." मग थांबून, चष्मा सारखा करत म्हणाला, "माणसांचंही तसंच असतं, नाही? चिकटायचं, सुटायचं... आणि आवाज त्या मधल्या ओढाताणीचा."

चहा गार होईपर्यंत तिने कप हातात धरून ठेवला.

मग तो रोज येऊ लागला. खिडकीतलं ऊन पाचव्या दाराच्या मुठीवर आलं की तिचे कान फळकुटाकडे लागत. भाषणात नको तिथे तिचा आवाज मऊ होई. केस वर बांधायचे ते एकदा मोकळे सोडले, बिजागरीत अडकले, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडले. याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी ग्रंथपाल आळोखेपिळोखे देत बाहेर आले आणि तिला बघून चक्क हात जोडले.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे?"

"तुमचं ते 'घर्षण म्हणजे काय' सुरू झालं की पहिल्या बिजागरीलाच माझा डोळा लागतो. गणिताचे सर दुसऱ्या बिजागरीपर्यंत टिकतात. तिसरी बिजागरी आजवर कुणी ऐकलेली नाही! डुलकीसर तर म्हणतात, असली झोप त्यांना कधी मोजायला मिळालीच नव्हती."

ती ताडकन शेजारच्या खोलीत शिरली.

"म्हणून चहा होता तर! यंत्रात तेल घालत होतात!"

"अहो, ऐकून तर घ्या..."

"मी माझी खोली वाचवायला घसा फोडतेय, आणि तुम्ही माझ्या भाषणाची अंगाई करून स्वतःची खोली वाचवताय? सांगा समितीला! सांगा, कुरकुरबाई बोलली की गाव झोपतं!"

"नाही सांगणार."

"मग काय सांगणार? तुमच्याकडे दुसरं आहे काय?"

त्याने खाटांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "नाही," तो म्हणाला. "दुसरं काहीच नाही."

"मेलं तुमचं संशोधन!" ती म्हणाली आणि सराव बंद केला. फळकुटापलीकडे माणसं कूस बदलत राहिली. चहा आला नाही. तिने केस पुन्हा वर बांधले, आणि ते उगाच दुखायला लागले.

समिती सभागृहात आली ती नेमकी जेवणानंतर. चौघं जण, मधोमध अध्यक्षबाई, काठी टेकून. डुलकीसर मागच्या खुर्चीत. पहिली पाळी हिची.

तिने सुरुवात केली. पहिल्या बिजागरीला डाव्या टोकाच्या सदस्याची मान कलली. उजवीकडच्या दोघांनी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावला. दुसऱ्या बिजागरीला अध्यक्षबाईंची हनुवटी काठीच्या मुठीवर विसावली. खिडकीतल्या पारव्याने मान पंखात घातली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा जांभई दिल्यासारखा रेंगाळला. खोटं वाटेल, पण त्या दिवशी ते घड्याळ मागे पडलं ते आजतागायत मागेच आहे.

ती थांबली. खोली गेली, दारं गेली. सगळं गेलं.

"थांबलात का?" मागून कुजबुज आली. "तिसरी बिजागरी राहिली."

"कुणासाठी?" तीही कुजबुजली, दात-ओठ खात. "बघा जरा! चौघेही गेले!"

"मी आहे ना."

खरंच, त्याचे डोळे टक्क उघडे होते. लाल, ओढलेले, पण उघडे.

"तुम्ही... जागे कसे?"

"तेच तर मला कळत नाही. रोज ऐकतो. सगळे झोपतात. मी झोपत नाही. घरी जातो, तिथेही झोप नाही. झोपेवर डॉक्टरेट केलेला माणूस मी, कुणाला सांगू?" तो उठून पुढे आला, झोपलेल्या अध्यक्षबाईंना वळसा घालून. "तिसरी बिजागरी तुम्ही नेहमी घाईत उरकता. का? दार मोडायच्या आधी त्याची करकर बदलते, असं म्हणता. करकर ही दाराची तक्रार असते. वेळेवर ऐकली तर दार पडत नाही. आणि मला वाटायचं, ही बाई लाकडाची तक्रार इतकी मन लावून ऐकते... माझी एखादी..."

"तुमची कसली तक्रार?"

"सांगितली की. झोप येत नाही."

त्याच्या अंगाला अजून बिजागरीच्या तेलाचा वास येत होता. ती उशी यानं धुतलीच नव्हती की काय? तिला एकाच वेळी हसू, रडू आणि संताप आला. आणि का कोण जाणे, मावशीचं फडताळ आठवलं. काय म्हणायची मावशी? करकरलं नाही तर कळायचं कसं! इतके दिवस ही उपयोग शोधत होती करकर घालवण्यात. आणि उपयोग होता तो ऐकण्यात.

ती सभागृहाच्या दाराकडे गेली आणि ते सावकाश, अगदी सावकाश ओढलं.

कर्र्र्रऽऽऽ... टक्.

चौघेही दचकून उठले. पारवा उडाला.

"कोण? काय?" अध्यक्षबाई ओरडल्या.

"हा माझा उपयोग," ती म्हणाली. "ऐकलंत? शेवटी 'टक्' झालं. हे दार सांगतंय की माझी वरची बिजागरी आज जाणार. दवाखान्याचं दार असो, शाळेचं असो, पडायच्या आधी सांगतंच. फक्त ऐकणारं कुणी हवं. आता कृपा करून कुणीही दार जोरात—"

"झालं का?" म्हणत विभागप्रमुखांनी बाहेरून दार ढकललं. जन्मात कधी आत न येणारा माणूस! दार कडाडलं, निखळलं, आणि विभागप्रमुख ते छातीशी कवटाळून तसेच आत आले. हरवलेलं लेकरू सापडल्यासारखे.

समितीला यापुढे काही विचारायचं उरलं नाही. अध्यक्षबाई डुलकीसराकडे वळल्या.

"आणि तुमचा उपयोग?"

"माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही," तो शांतपणे म्हणाला.

"आहे!" ती भडकली. "वेडा आहेस का तू?"

अहो-जाहो कुठल्या कुठे उडालं होतं. दोघांनाही ते कळलं; पण मागे घ्यायला वेळ नव्हता.

"अध्यक्षबाई, आत्ता तुम्ही सगळे झोपला होतात."

"मी डोळे मिटून ऐकत होतो," डावीकडचे सदस्य म्हणाले.

"घोरून?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझं भाषण ऐकलं की माणसं झोपतात," तिने एका दमात सांगून टाकलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "गाढ झोपतात. हे यानं मोजलंय, सिद्ध केलंय, आणि माझी अब्रू जाऊ नये म्हणून गप्प बसलाय. मूर्खासारखा! ज्यांना झोप लागत नाही अशा माणसांना याचा उपयोग नाही होणार? खोली ठेवा त्याची!"

अध्यक्षबाईंनी आपला गुडघा चाचपला.

"हा दुखायला लागल्यापासून अशी झोपले नव्हते मी," त्या हळूच म्हणाल्या. मग आवाज चढवून: "पण खोली एकच ठेवता येईल. तसा निर्णय झालाय. तुमच्या दोघांच्या मध्ये काय आहे?"

"फळकुट," दोघं एकदम म्हणाले.

"मग ते काढा."

ते फळकुट निघालं. त्याचं पुढे सहावं दार झालं, म्हणतात. लग्नात मावशीने सगळ्यांना सांगितलं की भाचीला उपयोग तिनेच शिकवला. काका तेवढ्यात साखरेपर्यंत पोचले, कारण मंगल कार्यालयात फडताळ नव्हतं.

आता त्या एका मोठ्या खोलीत दुपारी खाटा भरलेल्या असतात. अध्यक्षबाईंची खाट खिडकीपाशी. कुरकुरबाई सहा दारांसमोर उभी राहून घर्षण समजावून सांगते. पहिल्या बिजागरीला निम्मे जातात, दुसरीला उरलेले. आणि मग त्या घोरण्याच्या समुद्रात एकच माणूस हनुवटी तळहातावर ठेवून टक्क तिच्याकडे बघत असतो.

"झोप की रे बाबा आता!" ती वैतागून कुजबुजते. "सगळे झोपले!"

"तिसरी राहिलीय अजून," तो म्हणतो.

मग ती त्याच्या खाटेच्या कडेला बसते, आणि तिसरी बिजागरी आता अजिबात घाई न करता सांगते.