पखालवाल्याचं पाणी आणि कलतूमचे केस

आता जे सांगते ते तुमच्यापैकी एकीलाही खरं वाटणार नाही. नको वाटू दे. पण ही जी माझ्यापुढे मान खाली घालून बसलीये ना, पांढरे केस मोकळे सोडून, ही कलतूम... तरुणपणी हिचे केस इतके लांब होते, की ही पाण्याला नदीपात्रात पोचली तरी वेणीचं टोक घरातच असायचं. हिची आई चुलीपाशी बसून ते टोक ओढायची, की ही परत यायची.

"गुडघ्यापर्यंत होते," कलतूम म्हणाली. "बखिता, पोरींना फसवू नकोस. आणि जरा हळू, दुखतंय."

बरं, गुडघ्यापर्यंत. तिचंच डोकं, तिला जास्त माहीत. पण ते केस वाढवले या हातांनी. शेबेच्या बिया आणि लवंगा मी भाजायचे, मीच कुटायचे. पाण्याचा नुसता हात फिरवायचा, तेल चोळायचं, मुळं सोडून बाकी लांबीवर पूड थापायची आणि जाड वेणी घालायची. सैल झाली की पुन्हा त्यावरच तेल आणि पूड. धुवायचं मात्र नवा चंद्र दिसला की, मध्ये नाही. माझी आई म्हणायची, ओला केस म्हणजे तापातून उठलेलं पोर. त्याला ओढू नये, बांधू नये, उन्हात एकटं सोडू नये.

त्या वर्षी उन्हाळा वाईट होता. नदीपात्रातल्या झऱ्याचं गोडं पाणी पिण्यापुरतंच उरलेलं. धुण्याचं पाणी डोंगरापलीकडून यायचं, चांभारवस्तीच्या खाऱ्या विहिरीचं. पापडखार विरघळवल्यासारखं पाणी, साबणाशिवाय फेस यायचा. ते घेऊन यायचा तिजानी. उंच, सडपातळ, आणि त्याच्यामागे गाढवावर दोन पखाली.

एकदा कलतूम वाटेत वाकून सरपण बांधत होती. मागून गाढव आलं आणि तिच्या वेणीचं टोक तोंडात धरून उभं राहिलं. तेलाचा, लवंगेचा वास... त्याला वाटलं असेल, काहीतरी मेजवानी आहे.

"तुझ्या गाढवाला सांग, सोड म्हणून."

"कशाला सांगू? आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी चांगलं निवडलंय."

"वेणी तुटली ना, तर माझी आई तुला सोलून काढेल."

"सोलायचं आम्हाला काय सांगतेस? चामड्याची माणसं आम्ही."

तिने वेणी सोडवून घेतली, पदर डोक्यावर ओढला आणि चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही... गाढवाकडे पाहिलं म्हणे.

"गाढवाकडेच पाहिलं होतं," कलतूम म्हणाली.

ऐकलंत? अजूनही तेच म्हणते.

तर, लग्न न झालेल्या मुलीने परक्या पुरुषाशी उभं राहून बोलायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पाणी घ्यायला उभं राहिलं, तर भांडं भरेपर्यंत कुणाची हरकत नसते. तिजानी लबाड. कलतूम भांडं घेऊन आली की पखालीचं तोंड मुठीत असं आवळायचा, की धार सुतासारखी पडायची.

"आज पाणी इतकं बारीक का?"

"विहीर म्हातारी झालीये."

"विहीर नाही, विहीरवाला लबाड झालाय."

"मग मोठी धार सोडू?"

तिने पायाच्या अंगठ्याने वाळूत रेघ ओढली. "नको," म्हणाली.

पण पाणी घ्यायचं तर कारण हवं. एवढ्या पाण्याचं कारण एकच, केस. म्हणून आमची बाई केस धुवायला लागली. आधी नव्या चंद्राला, मग अर्ध्या चंद्राला, मग गाढवाच्या गळ्यातली घंटा वाजेल तेव्हा. तिची आई वैतागली. "डोकं आहे की खरकटं पातेलं? सारखं काय घासायचं असतं त्यात?"

सुरुवातीला केस असे चमकायचे, की बायका वळून बघायच्या. मग ते राठ झाले. मग माझ्या मांडीवर, चटईवर, तुकडे पडायला लागले, कडब्याच्या चुऱ्यासारखे. मी म्हटलं, "कलतूम, बास कर. गुरांच्या व्यापाऱ्याचं मागणं आलंय तुला, ते या केसांची कीर्ती ऐकून. टक्कल घेऊन जाणार आहेस का त्याच्या दारात?"

"त्याच्या दारात जातंय कोण? बाजरी कापली की तिजानीचे काका चहा-साखर घेऊन आमच्याकडे येणार आहेत. वडिलांनी पुडा घेतला की झालं."

"आणि केस?"

"केस उगवतात गं."

मी तेलाची वाटी पुढे ओढली. तिच्या डोळ्यांत पाहिलं असतं तुम्ही, तर तुम्हीही तेच केलं असतंत.

बाजरी कणसात आली होती तेव्हाची गोष्ट. भर दुपार. ती अर्धवट ओल्या केसांनीच आणखी पाणी न्यायला आली, आणि वाकताना एक बट पखालीच्या दोरीत अडकली. तिजानीने अगदी हळूच सोडवायला घेतली. बट सुटून त्याच्या हातातच आली. तिला दुखलंसुद्धा नाही. तिला कळलंच नाही.

त्याला कळलं. त्यांच्या वस्तीत बकऱ्याची कातडी त्याच विहिरीच्या पाण्यात भिजत घालतात. चांगली भिजली की तळवा फिरवला तरी केस हातात येतो, अस्साच, न ओढता. आमच्या बायका वर्षानुवर्षं त्याच पाण्याने डोकं धूत होत्या, पण चंद्र दिसला की एकदा. तेवढ्याने काही होत नाही. घंटा वाजली की धुणारी वेडी एकच निघाली.

"कलतूम," तो म्हणाला, "इतक्यांदा धुऊ नकोस."

"मग इथे कशाला उभी राहू?"

बट त्याने मुठीत मिटून घेतली होती.

"चंद्र दिसला की धू. तेवढंच. आणि ओले असताना बांधू नकोस."

"म्हणजे तूही चंद्र दिसल्यावरच येणार?" ती हसत होती. "सांग ना... महिनाभर काय करायचं मी?"

त्या दिवशी त्याने पखालीचं तोंड पूर्ण सोडलं. भांडं केव्हा भरलं, कळलंही नाही.

त्यानंतर तो आला नाही.

चंद्र दिसला, मोठा झाला, गेला. बाजरी कापून झाली. काका आले नाहीत, चहा-साखर आली नाही. घंटेचा आवाज आला की ही धावायची, तर कुणाची तरी शेळी असायची. चांभारवस्तीत निरोप धाडला, ते म्हणाले, गाढव विकून गेला कुठेतरी. कलतूम माझ्यापुढे येऊन बसायची, असंच, पाठ माझ्याकडे करून. वेणी घालताना खांदे हलायचे तिचे, आणि मी तेलाचा हात उगाच लांबवत राहायचे.

थंडीत तिचं लग्न झालं, व्यापाऱ्याशीच. माणूस वाईट नव्हता. पाणी कमी, तेल जास्त, असं करत केस पुन्हा वाढले, गुडघ्यापर्यंत आले. लांबलांबच्या बायका विचारायला यायच्या, काय लावतेस, कितींदा धुतेस. ही म्हणायची, चंद्र दिसला की. याहून जास्त एक शब्द नाही.

आणि तो? पोरींनो, तो का गेला ते ऐका आता. त्याने हिशेब मांडला, आपण येत राहिलो तर ही धूत राहणार. आपण थांबलो तरच हिचे केस वाचतात. काही सांगितलं तर ही ऐकायची नाही, टक्कल पत्करेल पण भेट सोडायची नाही. म्हणून न सांगता गेला. तिकडे दक्षिणेला, शारी नदीच्या काठी, सगळं आयुष्य. एवढं गोडं पाणी समोर वाहत होतं, पण पुन्हा कधी पाणी विकलं नाही त्याने. लग्न केलं नाही. ती बट कातड्याच्या ताइतात शिवून गळ्यात घातली होती. आणि का निघून आलो, हे कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, भावाला नाही, तिथल्या नावाड्यांना नाही. ती गोष्ट तशीच पोटात घेऊन मातीत गेला.

पोरी पदराने नाकं पुसत होत्या. धाकटीने तर तेलाची वाटीच कलंडवली.

कलतूमने मागे हात नेला आणि अर्धी वेणी माझ्या बोटांतून काढून घेतली. वळली नाही.

"कुणालाच सांगितलं नाही?"

"कुणालाच नाही."

"मग बखिता, तुला कुणी सांगितलं?"