पट्टीवरची नावं

जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेत कपिलचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. मी येडगावहून एसटीनं येते आणि तिथे टायपिंग करते. सकाळी लेण्याद्रीच्या दिशेनं हात जोडून स्तोत्र म्हटल्याशिवाय मी पाणी पीत नाही. दुकानातही ओठांतल्या ओठांत जप चालू असतो.

कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला, तेव्हा स्क्रीनच्या खालच्या पट्टीवरच्या चित्रांची नावं बिघडलेली होती. स्कॅनरच्या चित्रावर माऊस नेला की ‘कॅल्क्युलेटर’ दिसायचं, ब्राउझरवर ‘पेंट’. उघडायचं बरोबर, नाव तेवढं दुसऱ्याचं.

“ताई, तुमच्या जपानं मशीन पण नामस्मरणाला लागलं राव,” कपिल म्हणाला.

मी हसले. चित्रावर उजवी क्लिक, वर आलेल्या नावावर परत उजवी क्लिक, प्रॉपर्टीज. सगळी नावं नीट लिहून काढली.

दुसऱ्या दिवशी स्कॅनरवर माऊस नेला, तर ‘स्वराज’.

स्वराज माझा पहिला मुलगा. पाळण्यातच गेला.

मी गुपचूप नाव बदललं. जेवून आले तर ब्राउझरवर ‘अक्षदा’. तीही माझीच. तीही राहिली नाही.

जुन्नरात मी या दोघांबद्दल कुणाकडे बोललेले नाही. मी कपिलच्या हातांकडे बघत राहिले.

“कपिलभाऊ, माझ्यामागं या मशीनवर कोण बसतं?”

“मीच. दुसरं कोण बसनार?”

“स्वराज नावाचं कुणी माहीत आहे तुम्हाला?”

“गल्लीत दगड मारला तर स्वराजला लागंल. कुठला पायजे?” तो सरळ चेहऱ्यानं म्हणाला. खोटं बोलत असेल, तर फार सफाईनं बोलत होता.

मी पासवर्ड बदलला. त्यालाही सांगितला नाही. ती दोन्ही चित्रं पट्टीवरून काढूनच टाकली. देवाचं नाव घेत होते, पण माळेचे मणी बोटांतून निसटत होते.

पट्टीवर प्रिंटरचं एकच चित्र उरलं.

मला तिसरी मुलगी आहे. दोघं गेल्यावर झाली, म्हणून तिला आम्ही धोंडी म्हणतो. दगडावर कुणाचा डोळा जात नाही. दाखल्यावरही धोंडीच. खरं नाव बारशाच्या दिवशी वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, चिमाबाईंनी, तिच्या कानात सांगितलं. ती मोठी होईपर्यंत ते कुणी उच्चारायचं नाही, असं ठरलं. मलाही ते ठाऊक नाही.

आज दुपारी प्रिंटरवर माऊस नेला. एका बाईचं नाव आलं. आमच्याच भागातल्या नदीचं.

मी माऊस हलवला नाही. डाव्या हातानं घरी फोन लावला.

“वन्सं, धोंडी कुठंय?”

“हितंच, वट्ट्यावर खेळतीया. का गं?”

“तिचं ते नाव. म्हणू नका. नदीचं आहे का?”

पलीकडे कोंबड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

“कोनी सांगितलं तुला?”

“हो की नाही, तेवढंच सांगा.”

“व्हय.”

मागून कपिल अर्जाचा कागद घेऊन आला आणि माझ्या खांद्यावरून वाकला.

“पुष्पावती?” त्यानं मोठ्यानं वाचलं. “ही कोन हो ताई?”

फोनमध्ये, लांबून, धोंडीचा आवाज आला.

“ओ.”

मग, “आले.”

“वन्सं, धरा तिला.”

फोन कशावर तरी आपटला. धावल्याचा आवाज. कोंबड्यांचा कलकलाट. मग काहीच नाही.

कपिल कागद हातात धरून तसाच उभा होता.

वन्संचा श्वास परत फोनवर आला.

“धरली गं. एक हात माझ्या हातात हाय.”

“आणि?”

“दुसरा तिनं फाटकाकडं केलाय, कुनाच्या तरी हातात दिल्यागत,” वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. “मी मागं वढती, तसा त्यो हात तिकडं लांबतोय.”